सहा कोटी बिनटोपीचे

आसेगावात लखनच्या हाताची ख्याती अशी होती, की बंद पडलेली पाण्याची मोटार त्याच्या ओसरीवर आणून ठेवावी, लखननं नुसतं खाकरावं, आणि मोटारीनं घाबरून फिरायला लागावं. हे गावचे लोक सांगत. लखन स्वतः सांगायचा तेव्हा खाकरणंही लागत नसे. एकदा म्हणे एका शेतकऱ्यानं विहिरीवरून फोन केला, "लखनभाऊ, मोटार नुसती घूं घूं करून राह्यली, फिरत नाई." लखन म्हणाला, "फोन तिच्या कानाले लाव." आणि फोनमधून त्यानं अशी एक शिवी हासडली की तिकडं पाटाला पाणी आलंच, शिवाय शेजारच्या विहिरीवरची मोटारही चालू झाली, मालकाला न विचारता.

यातलं खरं किती आणि पदरचं किती, हे कुणी विचारत नसे. एवढी सवलत गाव माणसाला देतं. पण ज्याला पदरचं घालायची सवय असते त्याच्या हातून एके दिवशी मीठ जास्त पडतं, आणि ती भाजी भलत्यालाच खावी लागते. लखनची भाजी निकिताला खावी लागली.

निकिता त्याची बायको, शिरपूरच्या दौलतरावांची मुलगी. लग्नाला नऊ वर्षं झालेली. घरात सासू चतुराबाई, ओसरीवर दुरुस्तीला आलेल्या दहा-बारा मोटारी, आणि मूल नाही. वाशिमला पहिल्या तपासण्या झाल्या तेव्हा लखनच्या रिपोर्टात आकडा आला सहा कोटींचा. एका मिलिलिटरमध्ये सहा कोटी शुक्राणू, आणि तेही पळणारे. त्या दिवशी लखन चहाच्या टपरीवर छाती काढून बसला. "महाराष्ट्राची जनता किती हाये? बारा-तेरा कोटी? म्हंजे अर्धा महाराष्ट्र मी एकटाच घेऊन फिरून राह्यलो लेकहो!"

मग दोष कुणाचा, हे कुणाला सांगायची गरजच उरली नाही.

पुढं अकोल्याचा दवाखाना झाला. निकितानं दहा-बारा दिवस पोटात सुया टोचून घेतल्या, अकरा अंडी निघाली. डॉक्टरीणबाईंनी केसाहून बारीक काचेच्या सुईनं एकेका अंड्यात लखनचा एकेक शुक्राणू नेऊन सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तर अकराच्या अकरा अंडी जशीच्या तशी. एकानंही कूस बदलली नव्हती.

"असं क्वचित होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी लखनचा नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. पंधरा दिवसांनी दोघांना समोर बसवून रिपोर्ट उघडला.

"लखनराव, संख्या भरपूर आहे. पहिल्यांदा संख्या आणि वेग पाहिला होता, या वेळी एकेकाचं डोकं पाहिलं. शुक्राणूच्या डोक्यावर एक टोपी असते. तुमच्या एकाच्याही डोक्यावर ती नाही. सगळे गोल डोक्याचे, बिनटोपीचे. आणि टोपी नसली की बहुतेक वेळा आणखी एक पदार्थ नसतो. शुक्राणू आत शिरला की त्या पदार्थानं अंड्याला इशारा मिळतो. आत कॅल्शियमच्या लाटा उठतात, आणि अंडं जागं होऊन कामाला लागतं. तुमचा शुक्राणू आत गेला, पण इशारा दिला नाही. अंडं वाट पाहत राहिलं."

"म्हंजे अंडी खराब नोती?" निकितानं विचारलं. इतक्या वर्षांत दवाखान्यात तिनं तोंडानं विचारलेला हा पहिला प्रश्न.

"अंडी उत्तम होती."

यावर उपाय होता. पुढच्या खेपेला सुईचं काम झालं की अंडी थोडा वेळ एका औषधाच्या थेंबात ठेवायची. त्या औषधानं कॅल्शियम आत शिरतं, अंड्याला वाटतं इशारा आला, आणि ते उठतं. "पण हे सगळ्यांना करत नाहीत. तुमच्यासारखं कारण असेल तरच. यावर अजून अभ्यास चालू आहे, मी खात्री देणार नाही. म्हणून त्याचा वेगळा कागद, दोघांच्या सह्यांचा. घरी न्या, विचार करा."

लखन मोटारीचा माणूस. त्याला बाईंचं बोलणं संपायच्या आधी समजलं होतं. घरगुती मोटारीला कंडेन्सर नावाची एक डबी असते. त्या डबीनं पहिला झटका दिला की मोटार फिरते. डबी गेली की मोटार नुसती घूं घूं करते. अडाणी माणूस म्हणतो, मोटार जळाली. मिस्त्री म्हणतो, मोटार चोख आहे, डबी बदला. हे वाक्य लखननं हजार गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं. चांगल्या मोटारीवर खोट लावणारा मिस्त्री त्याच्या लेखी तोंडावर थुंकायच्या लायकीचा.

आणि दवाखान्यातून निघून अर्धा तास झाला नव्हता, अकोल्याच्या बसस्टँडवर त्याच्या आईचा फोन आला.

"काय म्हने रे डाक्टरीन?"

निकिता शेजारीच उभी होती, हातात उसाच्या रसाचा ग्लास. लखननं तिच्याकडं पाहिलं, मग रसाच्या चरकाकडं पाहिलं. खरं तोंडाशी आलं होतं. पण त्याच्या मागोमाग चहाची टपरी आली, टपरीवरचे चेहरे आले, अर्धा महाराष्ट्र आला.

"अंडी झोपेल हायेत म्हने तिची," तो म्हणाला. "जागी करा लागन."

निकितानं ग्लास गाड्यावर ठेवला. अर्धा रस तसाच होता. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि गाडी बदलायचं मंगरूळ येईपर्यंत बाहेर पाहत राहिली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात लखन कुणाला हार जात नसे. हे गप्प बसणं त्याच्या हत्यारांच्या पेटीत कुठल्याच पान्याला बसेना.

*

चतुराबाई बाई वाईट नव्हती, कामाची होती. झोपलं असेल तर उठवायचं, एवढा सरळ तिचा हिशोब. तिनं शेजारच्या बेबीबाईला विचारलं, आणि बेबीबाईला विचारणं म्हणजे गावाला विचारणं.

"झोपेल हायेत? मंग त्यात काय वं माय! माया भावाची म्हैस दोन वर्सं गाभन नोती राहत. पाहाटं तिच्या पोटाशी थाळी वाजवली, तं बाप्पा, एका येळी दोन वगारी!"

झालं. रोज पहाटे चतुराबाई निकिताच्या पोटाशी पितळी थाळी वाजवू लागली. आठवडाभरात आसेगावच्या कोंबड्यांनी आरवणं सोडलं. आपलं काम दुसऱ्यानं घेतलं म्हणून ते रुसून उकिरड्यावर बसू लागले. थाळीनं भागेना तेव्हा थंड पाणी झालं. मग लवंगी मिरच्यांचा ठेचा झाला, "झोंबलं की उठतीन" म्हणून. एका सोमवारी बेबीबाईनं डफडेवाला आणला. त्यानं तासभर असं वाजवलं, की गावातल्या ज्या तीन म्हाताऱ्यांना दहा वर्षांपासून ठार ऐकू येत नव्हतं त्यांचे कान उघडले, आणि उघडल्या कानांनी त्यांनी पहिली बातमी ऐकली ती हीच, की लखनच्या बायकोची अंडी झोपलेली आहेत. तीच बातमी पुढं शिरपूरला निकिताच्या माहेरीही पोचली.

निकिता बाजेवर ताठ बसायची. हात मांडीवर, नजर समोरच्या भिंतीवर. आणि लखन पलीकडं पांघरूण ओढून घोरायचा. खोटं घोरणं हे मोठं कष्टाचं काम. खऱ्या घोरण्याला माणूस लागत नाही, खोट्याला सगळं अंग लागतं. थाळीच्या प्रत्येक ठोक्याला त्याला वाटायचं, आता ती बोलेल. आता सांगेल. ती सांगत नसे. ठोका संपायचा, दुसरा पडायचा, आणि लखन पांघरुणात घामानं भिजून घोरत राहायचा. उठून आईचा हात धरायला चार पावलं पुरली असती. चार महिन्यांत ती चार पावलं त्याला झाली नाहीत.

मे महिन्यात दवाखान्यातून फोन आला, जूनमध्ये दुसरी खेप धरू, कागद सह्या करून आणा. लखननं आपली सही ठोकली आणि कागद चुलीपाशी नेला. निकिता भाकरी थापत होती.

"मी नाई करत," ती म्हणाली.

"काहून?"

"आंधी दोन मानसाईले खरं सांगा. तुमच्या आईले अन् माया बाबाले. मंग सही करीन."

"अवं, पन लोक काय म्हनतीन..."

"लोकाईनं माया पोटाशी डफडं वाजवलं. त्याईले काय म्हनाचं ते म्हनून झालं." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "मले एका मिनिटात सांगता येते. रिपोर्ट मायाच पिशवीत हाये. पन मी नाई सांगनार. ज्यानं खोटं सांगतलं त्यानंच वापस घ्यावं. नाई तं ते अंडे आतच राहू द्या. झोपेल तं झोपेल."

दुसऱ्या दिवशी लखन आईपाशी जाऊन बसला. ती तूर निवडत होती.

"आई, एक सांगाचं होतं."

"सांग ना."

"तुयी कंबर कशी हाये आता?"

तोंडानं जमेना म्हणून तिसऱ्या दिवशी त्यानं चिठ्ठी लिहिली आणि आईच्या पानाच्या चंचीत ठेवली. चतुराबाईला वाचता येत नव्हतं, हे त्याला चिठ्ठी ठेवल्यावर आठवलं. ती चिठ्ठी घेऊन बेबीबाईकडं वाचून घ्यायला निघाली तेव्हा लखननं तिला अंगणात गाठलं, चिठ्ठी हिसकली, आणि दुसरी जागा न सुचल्यानं तोंडात घातली. कागद वहीचा होता, जाड होता. तीन घोट पाणी लागलं.

"काय खाल्लं बे?" चतुराबाईनं विचारलं.

"बडीशेप."

निकितानं हे दारातून पाहिलं आणि ती पाणी भरायला निघून गेली. कागदावरची तिची जागा कोरीच राहिली.

*

अशातच अधिक महिना लागला. तीन वर्षांतून एकदा येणारा हा महिना म्हणजे जावयांची सुगी. लेक लक्ष्मी, जावई नारायण. सासऱ्यानं पाय धुवायचे, सासूनं तेहतीस अनारसे आणि पुरणाचे धोंडे वाढायचे. दौलतरावांचं बोलावणं आलं, आणि मानानं चतुराबाईलाही आलं. म्हणजे निकितानं नेमून दिलेली दोन्ही माणसं एका छपराखाली येणार होती. लखनला ताप आला नाही. त्यानं फार वाट पाहिली, पण आला नाही.

शिरपूरला पोचले तेव्हा ऊन असं होतं की रस्त्यावरची सावलीसुद्धा सावली शोधत होती. दौलतराव पासष्टीचे, बोलायला मऊ. घरात कूलर होता. दौलतरावांनी बटण दाबलं, कूलर घूं घूं करू लागला. मग त्यांनी जाळीतून तुरीची एक काडी आत घातली, पात्याला टोला दिला, आणि पंखा फिरू लागला.

"दोन महिन्यापासून असंच हाये जवाईबुवा. काडीनं ढकलतो तवा फिरते. मोटार जळाली असंन. जेवन झालं की एवढं पाहून द्या."

"मोटार चांगली हाये मामाजी, कंड..." लखन बोलून गेला, आणि पुढचा अर्धा शब्द त्यानं चिठ्ठीसारखा गिळला.

पाट मांडला होता, भोवती रांगोळी होती. लखनला बसवलं. दौलतरावांनी त्याच्या डोक्यावर नवी कोरी पांढरी टोपी ठेवली, दोन्ही हातांनी, नीट बसवून. लखनला आतून कुणीतरी चिमटा काढला. सहा कोटी बोडके आत, आणि एकटा तो टोपी घालून वर.

मग म्हातारा गुडघे कुरकुरवत खाली बसला. परातीत त्यानं लखनचे पाय घेतले. बोटांच्या बेचक्यांत मोटारीचं काळं ग्रीस बसलेलं होतं, आंघोळीला दाद न देणारं. दौलतरावांनी ते अंगठ्यानं घासलं. एकेक बेचकं, सावकाश, लहान मुलाचे धुवावेत तसे. आणि मान वर न करता हळूच म्हणाले,

"जवाईबुवा, पोरीत खोट निघाली. आमाले मालूम असतं तं लगनाच्या आंधीच सांगतलं असतं, लपवलं नसतं. तुमी तिले टाकली नाई. दुसरा असता तं आनून बसवली असती माया दारात. तुमचे उपकार हायेत."

पाणी माठातलं होतं, गार. लखनचे पाय भाजले.

"मामाजी, पाय सोडा."

"काहून? ग्रीस राह्यलं हाये अजून."

"मामाजी, निकितात खोट नाई. मायात हाये."

कूलर तेवढा फिरत होता. चतुराबाई हातातलं सुपारीचं खांड तसंच धरून बसली. मग दारातून निकिताची आई अंजनाबाई हुंदका देऊन बोलली,

"पाहा वं माय! बायकोचं झाकासाठी आपल्या अंगावर घेऊन राह्यले! असा देवमानूस कोनाले भेटते?"

दौलतरावांनी कपाळ लखनच्या ओल्या पायांवर टेकवलं. चतुराबाईनं डोळ्यांना पदर लावला. "माया लखन लहानपनापासून असाच हाये, इवाईबुवा. शाळेत कोन्या पोट्ट्यानं काच फोडली, तं हा म्हने म्या फोडली."

काच लखननंच फोडली होती.

आयुष्यभर त्यानं बाता मारल्या, त्या लोकांनी खऱ्या धरल्या. आज पहिल्यांदा खरं बोलला तर कुणी घ्यायला तयार नाही. आणि लाज वाटते सांगायला, पण क्षणभर लखनला वाटलं, राहू द्यावं. आपण सांगितलं. अट पुरी झाली. आता कुणी मानलं नाही तर त्याला आपण काय करणार? वर आणखी देवमाणूस ठरलो. त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. निकिता तिथं झारा हातात धरून उभी होती. ती रागावलेली नव्हती. थाळी वाजायची तेव्हा ती भिंतीकडं जशी पाहायची, तशी ती आता त्याच्याकडं पाहत होती.

लखननं टोपी काढून रांगोळीबाहेर ठेवली आणि तो उठला. ओल्या पायांनी थेट कूलरकडं निघाला.

"जवाईबुवा, करंट बसन!" दौलतराव ओरडले.

मिस्त्रीच तो. मागं फिरला, मानाचा पाट उचलला, कूलरपुढं टाकला आणि त्यावर चढून उभा राहिला. बटण बंद केलं. पंखा थांबला. बटण चालू केलं. घूं घूं.

"मामाजी, मोटार जळाली म्हनता. जळाली असती तं काडीनं फिरली असती का?"

"नाई," दौलतराव विचार करून म्हणाले. "नसती फिरली."

"मंग काय खराब हाये?"

"पयला झटका भेटत नसंन तिले."

"झटका कोन देते?"

"असते ना काहीतरी डबी."

"ते डबी मी हावो मामाजी. सडेल. तुमची पोरगी मोटार हाये, चोख. अकराच्या अकरा अंडी चोख होती, डाक्टरीनबाईनं आमा दोघाईसमोर सांगतलं. झटका मायाकडून पाह्यजे होता. सहा कोटी हायेत मायाजवळ, अन् त्यातून एकालेबी देता येत नाई. आता ते बाई औषधाची काडी लावनार हाये अंड्याले. मले काडी लागते, मामाजी. तिले नाई."

बोलता बोलता त्यानं तुरीची काडी आत घातली आणि टोला दिला. रोजच्यापेक्षा जोरात बसला असावा, कारण पंखा असा सुटला की ओवाळणीच्या ताटातलं हळदकुंकू उडून सगळ्या घरावर आलं. दौलतरावांच्या मिशा पिवळ्या झाल्या, चतुराबाईचं नाक लाल. कुणी हसलं नाही.

"अन् डफडं?" निकिता दारातून म्हणाली.

लखनची मान खाली गेली. "अकोल्याच्या स्टँडवर आईचा फोन आला तवा हे बाजूलेच होती. सगळं मालूम होतं हिले. मी हिच्यासमोर खोटं बोललो. थाळी वाजे तवा मी जागा राहो. झोपेल नोतो एकबी दिवस."

दौलतरावांनी लेकीकडं पाहिलं. "तुले मालूम होतं?"

"हो बाबा."

म्हाताऱ्यानं परात उचलली, अंगणात नेली आणि पाणी ओतलं. आत आला तेव्हा टोपी जमिनीवर होती तिथंच राहू दिली. "जेवून घ्या," एवढंच म्हणाला. "सैपाक झाला हाये."

त्यानं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर लखनला जेवण गेलं असतं. अंजनाबाईनं तेहतीस अनारसे वाढले, एकही कमी नाही, मोजून. लखननं ते तेहतीसही खाल्ले, कारण ताटात टाकायचं तोंड त्याला नव्हतं.

चतुराबाई जेवली नाही. ती आपल्या उजव्या तळहाताकडं पाहत बसली होती, थाळी वाजवायच्या हाताकडं. शेवटी म्हणाली, "तू काहून नाई बोलली वं पोरी?"

"थाळीच्या आवाजात तुमाले ऐकू आलं असतं का, आई?"

परतीच्या वाटेवर वाशिमच्या स्टँडवर लखननं हळूच कागद पुढं केला. "दोघाईलेबी सांगतलं."

"अकोल्याले जातानी करीन सही," निकिता म्हणाली. "आसेगाव बाकी हाये."

"तू तं दोनच म्हनली होती!"

"तवा डफडेवाला मोजाचा राहून गेल्ता."

*

अकोल्याला निघायचा दिवस उजाडला. सकाळी सातची गाडी. लखनच्या हातात सुटकेस, निकिताच्या हातात पिशवी, आणि मागून चतुराबाई पोचवायला. तिच्या काखेत काहीतरी पदराखाली झाकलेलं होतं.

बेबीबाई अंगणात सडा टाकत होती. "निघाले का? उठवून आना बाप्पा एकदाची! लयच झोपाळू हायेत हिचे."

"हो काकू," म्हणून लखन पुढं झाला. चार पावलांनी त्याला कळलं की आपण एकटेच चाललो आहोत. निकितानं पिशवी रस्त्यात ठेवली होती आणि ती पिशवीशेजारी उभी होती. आणि चतुराबाईनं पदराखालून पितळी थाळी काढली आणि एक ठोका असा हाणला की गल्लीतली सगळी दारं उघडली.

"बोल," ती लखनला म्हणाली. "आता आयकू येते सगळ्याईले."

लखन बोलला. खोट मायात हाये, तिच्यात नाई, मी खोटं बोललो. बेबीबाईच्या हातून बादली कलंडली. निकितानं पिशवी उचलली.

पुढं पारावर ते तीन म्हातारे. पिशवी खाली, थाळी, खोट मायात हाये. तिघांनाही उत्तम ऐकू आलं. डफडेवाल्याचं घर लागलं, त्याला दारात बोलावून सांगावं लागलं, तो बिचारा म्हणाला, "मंग मी कोनाले वाजवलं एवढं?" चहाच्या टपरीवर मात्र पाय उचलेनात. तिथं माणसं जास्त होती आणि सगळ्यांना आकडा पाठ होता. निकितानं पिशवी ठेवली. घाई केली नाही. समोरून सातची गाडी आली, थांबली आणि निघून गेली, तरी तिनं पिशवी उचलली नाही.

"अर्धा महाराष्ट्र म्हनत होतो ना मी," लखन बुटांकडं पाहत म्हणाला. "एकाच्याबी डोक्यावर टोपी नाई. अंड्याले उठवाची ताकत नाई त्याईच्यात. खोट मायात हाये."

कपात चमचा फिरवणारा हात थांबला. कुणीतरी हसू आवरायला खोकलं. लखनचे कान पेटले होते. चतुराबाईनं थाळी परत पदराखाली घेतली आणि ती घराकडं वळली.

आठच्या गाडीत दोघं चढले. लखन सीटवर बसला तो मोटार उतरवून ठेवल्यासारखा. कंडक्टर आला, पुढं वाकला, "बोला भाऊ."

"खोट मायात हाये," लखन म्हणाला. "तिच्यात नाई."

कंडक्टरनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "असंन भाऊ. तिकीट कुठलं देऊ ते सांगा."

"दोन मंगरूळ," निकिता म्हणाली. "अन् जराक पेन द्या तुमचा."

तिनं पिशवीतून कागद काढला. सही करायला खाली काही कडक हवं होतं. लखननं आपला गुडघा पुढं केला. तिनं कागद रिपोर्टाच्या फाइलवर ठेवला. गाडी खड्ड्यांतून उसळत होती, सही वाकडीतिकडी आली. पेन कंडक्टरला परत देऊन तिनं कागद लखनच्या हातात दिला आणि खिडकीबाहेर पाहू लागली. लखननं तो मंगरूळपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवला.